तारपावाला कुठे गेला? कोल्हापूरच्या विद्यापीठांना खुलं पत्र

प्रति,
कुलगुरू, कुलसचिव, प्राचार्य आणि जनसंपर्क विभागप्रमुख,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातली सर्व विद्यापीठं आणि महाविद्यालयं

विषय: बोधचिन्ह, फलक, माहितीपुस्तिका आणि भिंतींवर होणारा आदिवासी चित्रांचा वापर

सप्रेम नमस्कार.

आम्ही कोल्हापुरात बोधचिन्हं आखणारे, ऑफसेट आणि स्क्रीनची छपाई करणारे, फलक आणि भिंती रंगवणारे लोक आहोत. प्रवेशाचा हंगाम जवळ आला की माहितीपुस्तिका, फायली, वसतिगृहाच्या पाट्या, कमानी अशी कामं एकदम येतात. त्यातल्या पुष्कळ कामांवर एकच सूचना असते: "जरा वारली टच द्या." कुणी बोधचिन्हाभोवती नाचणाऱ्या माणसांचं कडं मागतं, कुणी ग्रंथालयाच्या भिंतीवर शंभर फूट पट्टा मागतं, कुणी रॅम्पच्या लाद्यांवर. मागणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. आपल्या संस्थेत आदिवासींना जागा आहे, हे त्यांना दिसावं असं वाटतं. पण काम ज्या पद्धतीने होतं त्यात आदिवासी माणूस कुठेच नसतो, आणि चित्रही चुकतं.

म्हणून आमचं सरळ म्हणणं असं. संस्थेच्या कायमच्या बोधचिन्हात वारली किंवा दुसऱ्या कोणत्याही आदिवासी समाजाची आकृती घेऊ नका. ती कला आपल्या आवारात हवी असेल तर त्या समाजातल्या कलाकाराला बोलावून, लेखी करार करून, त्याच्या नावाने काम करून घ्या. आणि आज ज्या ठिकाणी ती अपमान होईल अशी लावली आहे तिथून ती उतरवा. का आणि कसं, ते पुढे सविस्तर लिहितो.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या संग्रहात कोल्हापुरी वळणाच्या चपला दिसल्या आणि सुरुवातीला त्यासोबत कोल्हापूरचं नाव नव्हतं, तेव्हा आपलं अख्खं गाव पेटून उठलं होतं. चप्पल लाईनवरचा दुकानदार असो की कॉलेजातला पोरगा, सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: चामडं कमावणाऱ्याचं, कान शिवणाऱ्याचं, वेणी विणणाऱ्याचं नाव घ्या. कंपनीला पुढे कोल्हापुरीची प्रेरणा मान्य करावी लागली. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे; महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. वारली चित्रकलेलाही तसंच भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मग पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगडच्या वारली माणसाने आपल्या माहितीपुस्तिकेचं मुखपृष्ठ पाहिलं तर त्याला काय वाटावं? त्याच्या जागी आपण तेव्हा होतोच.

आता चित्राकडे जवळून पाहू, कारण चूक नेमकी कुठे होते ते तिथेच कळतं.

मूळ चित्र कुडाच्या भिंतीवरचं. कारवीच्या काड्यांची भिंत, त्यावर माती आणि शेणाचा लेप, त्यावर गेरू. पांढरा रंग म्हणजे तांदळाचं पीठ, पाणी आणि थोडा डिंक. कुंचा म्हणजे बांबूची काडी, एक टोक चावून मऊ केलेली. लग्नघरात सवाशिणी लग्नचौक लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकाच्या मधोमध पालघट देवी येते. शेजारी लहान देवचौक असतो, त्यात पाच डोक्यांचा देव पाचशिऱ्या. या चौकाशिवाय वारल्यांचं लग्न लागत नाही. कागदावर आणि कापडावर ही कला १९७० च्या दशकात आली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी रोज चित्र काढणं सुरू केलं, पुरुषांनी हातात काडी घेतली. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. म्हणजे ज्याला आपण 'वारली टच' म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक लग्नविधीचा चौक, जो पूजेचा भाग आहे. दुसरी कलाकारांची स्वतंत्र चित्रं: शेती, शिकार, बाजार, आगगाडी, काहीही. पहिली गोष्ट सजावटीला घ्यायचीच नाही. पालघटच्या जागी विद्यापीठाचा दिवा किंवा पुस्तक बसवलेला चौक म्हणजे आपल्या देव्हाऱ्यातली मूर्ती काढून तिथे कुणी कंपनीचा शिक्का ठेवावा तसं आहे.

तारपा नाचाचं कडं सगळ्यात जास्त मागितलं जातं, म्हणून त्याबद्दल जरा लांबण लावतो. तारपा हे वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांचं वाद्य. वाजवणारा मध्ये असतो. नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फिरतात आणि त्याच्याकडे पाठ करत नाहीत. तो वळला की रांग वळते. चित्रात ही रांग शंखासारखी आत वळत जाते आणि बाहेरचं टोक मोकळं राहतं. त्या मोकळ्या टोकाला आणखी कुणीतरी येऊन जोडलं जाऊ शकतं.

संगणकावर काय होतं? इंटरनेटवरचं तयार वेक्टर, म्हणजे कितीही लहान-मोठं करता येणारं रेखाचित्र, उतरवलं जातं. मोकळं टोक गोलात बसत नाही म्हणून ते बंद करून कडं केलं जातं. मधली जागा बोधचिन्हाला हवी असते म्हणून तारपावाला पुसला जातो. उरतं ते कुणाभोवती नाचतायत ते न कळणाऱ्या माणसांचं गोल रिंगण. जिथे तारपा ठेवलेला असतो तिथे तो बऱ्याचदा तुतारीसारखा किंवा सॅक्सोफोनसारखा काढलेला असतो, कारण आखणाऱ्याने तारपा पाहिलेला नसतो. बायकांच्या डोक्यामागचा अंबाडा ट्रेस करताना डाग समजून साफ केला जातो. वारली चित्रात बाई ओळखू येते ती त्या अंबाड्यामुळेच, त्यामुळे सगळं रिंगण पुरुषांचं होतं. पान उजवी-डावीकडे बसवायला चित्र उलटं फिरवलं की नाचाची दिशाही फिरते. हे आमच्याच व्यवसायात रोज घडतं, आणि म्हणूनच ते आम्ही लिहितोय.

याहून वाईट ठिकाण म्हणजे स्वच्छतागृहाचं दार. दोन त्रिकोणांची आकृती सोपी, चटकन कळणारी, म्हणून 'पुरुष' आणि 'स्त्रिया' या पाट्यांवर ती सर्रास लावली जाते. पायपुसणी, जिन्याच्या लाद्या, कचऱ्याच्या डब्यांचे स्टिकर हीही तीच जात. जो मुलगा तलासरीहून शिकायला आला आहे त्याने त्याच्या आत्याने लग्नात लिहिलेली आकृती संडासाच्या दारावर पाहायची, आणि आपण त्याला म्हणायचं की हे तुझ्या संस्कृतीचा सन्मान म्हणून आहे.

बोधचिन्हात ही आकृती नको, असं म्हणण्यामागे तांत्रिक कारणही भक्कम आहे. हिशेब करून पाहा. लेटरहेडवर बोधचिन्ह साधारण २२ मिलिमीटरचं असतं. त्याच्या कडेला २० मिलिमीटर व्यासाच्या गोलात २४ माणसं बसवली तर परीघ ६३ मिलिमीटर, म्हणजे एका माणसाच्या वाट्याला जेमतेम २.६ मिलिमीटर. हाताची रेघ त्याच्या विसाव्या भागाएवढी, ०.१३ मिलिमीटर. गेरू रंगावर पांढरी रेघ सोडायची म्हणजे रिव्हर्स छपाई, आणि ऑफसेटवर शाई पसरते, ०.२ मिलिमीटरच्या आतली पांढरी रेघ भरून जाते. त्यात गेरूचा रंग चार रंगांतून बनवलेला असेल तर रजिस्टर, म्हणजे रंग एकावर एक बसण्याची जुळणी, केसभर हललं तरी पांढऱ्या रेघेच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळी किनार दिसते. सगळ्यात आधी बिघडते ती कंबर, जिथे दोन त्रिकोणांची टोकं मिळतात. शाई भरली तर तिथे ठोकळा होतो, रेघ तुटली तर माणसाचे दोन तुकडे होतात. पदवीच्या कागदावर तुटक्या कमरेची माणसं छापली जातात ती अशी.

रबरी शिक्क्यावर यापेक्षा वेगळं काही होत नाही. टी-शर्टच्या स्क्रीनवर रेघ निदान अर्धा मिलिमीटर लागते. दीक्षान्त समारंभाच्या उपरण्यावर भरतकाम करायचं तर टाक्याची रुंदी मिलिमीटरभर तरी हवी, म्हणजे माणूस किमान दीड-दोन सेंटिमीटर उंच. संकेतस्थळाच्या टॅबवरचं चिन्ह १६ पिक्सेलचं. त्यात हे कडं म्हणजे विटकरी ठिपका. मग प्रत्येक ठिकाणासाठी कुणीतरी आकृती 'सोपी' करत जातं. आधी अंबाडे जातात, मग हात, मग पाय. पाच वर्षांत मूळ चित्राशी संबंध नसलेलं काहीतरी उरतं आणि ते मात्र संस्थेच्या नावाने नोंदलेलं असतं.

नोंदणीचा हा मुद्दा कुलसचिवांनी जास्त लक्ष देऊन वाचावा. बोधचिन्ह व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं की ते दुसऱ्याने वापरू नये असं सांगण्याचा हक्क संस्थेला मिळतो. उद्या डहाणूच्या एखाद्या महिला गटाने तसंच कडं आपल्या वहीवर छापलं तर संस्थेचा वकील नोटीस काढू शकेल अशी परिस्थिती आपणच तयार करतो. आधीच कुणी असं चिन्ह नोंदवलेलं असेल तर निदान संस्थेच्या कार्यकारी मंडळाने लेखी ठराव करावा, की नर्तकांच्या आकृतीवर आम्ही वेगळा हक्क सांगत नाही. आणि पुढच्या वेळी चिन्ह बदलताना ती काढावी.

बोधचिन्हात काय घ्यावं हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर आपल्या भोवताली आहे, पण तिथेही नाव नीट घ्यावं लागेल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे ९.३५ टक्के, कोल्हापूर जिल्ह्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे कोल्हापूरच्या संस्थेने वारली आकृती अंगावर घालणं म्हणजे पाचशे किलोमीटरवरच्या लोकांची ओळख उसनी घेणं. इथल्या मातीतले समाज वेगळे आहेत. शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याच्या डोंगरांवर धनगरवाडे आहेत. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याची उधळण होते, गजानृत्य चालतं. पण माहितीपुस्तिकेत गजानृत्याच्या फोटोखाली 'आदिवासी नृत्य' असं छापू नका. महाराष्ट्रात धनगर समाज भटक्या जमाती 'क' प्रवर्गात आहे. अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी हा वेगळा, तापलेला विषय आहे आणि आपल्या ओळीने त्यात भर पडू नये. 'धनगर समाजाचं गजानृत्य, पट्टणकोडोली' एवढं लिहिलं की काम झालं. घोंगडीच्या काठाची नक्षी वापरायची असेल तर लोकर धनगराच्या मेंढीची, पण विणकर बहुतेक सनगर. दोन्ही नावं यायला हवीत. खड्डामागावर विणलेल्या अरुंद पट्ट्या, मधली शिवण, चिंचोक्याच्या खळीने आलेला ताठपणा हे सगळं चित्रात दिसतं. ते गुळगुळीत करून 'ट्रायबल पॅटर्न' म्हणून विकू नका.

पारधी समाजाचं चित्रण करताना तर फारच जपावं लागतं. हा समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत आहे, आणि १८७१ च्या कायद्याने ज्यांच्यावर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला गेला त्यांच्यातलाही आहे. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी अशा जमातींची रोजची हजेरी १९१८ मध्येच बंद केली होती. त्या कोल्हापूरच्या फलकावर पारधी म्हणजे फासा आणि तिरकमठा एवढीच खूण यावी, हे बरोबर नाही. पारधी विद्यार्थी प्रयोगशाळेत, मैदानावर, ग्रंथालयात असतात. त्यांची परवानगी घेऊन त्यांचे तिथले फोटो छापा.

९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाच्या शुभेच्छा टाकताना दरवर्षी एक ठरलेली चूक होते: डोक्यावर उंच पिसांचा मुकुट घातलेला माणूस. ते चित्र उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या जमातींचं. आता चित्र बनवणाऱ्या एआयमुळे भर पडली आहे. 'आदिवासी कला' असं लिहिलं की वारलीचे त्रिकोण, गोंड चित्रातली ठिपक्यांची भरणी आणि मधुबनीचे मोठे डोळे एकाच माणसात येतात. गोंड चित्रांच्या ठिपक्या-रेघांमध्येही प्रत्येक कलाकाराची भरणी वेगळी असते, सही असल्यासारखी. ती ढोबळ नक्कल म्हणजे कुणाच्या तरी सहीची नक्कल आहे. अशा चित्रांना आम्ही प्रेसमध्ये नकार द्यायला सुरुवात केली आहे.

मग भिंत करायची तर कशी? इथे आम्ही जे सांगतो ते कामाच्या अनुभवावरचं आहे.

वेळ आधी ठरवा. वारली कलाकारांपैकी बरेच जण भातशेती करतात. जून-जुलैत लावणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, या दिवसांत बोलावू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असतोच. जानेवारी ते एप्रिल हा काळ दोन्हीकडून जमतो. म्हणजे पत्रव्यवहार दिवाळीआधी सुरू व्हायला हवा, मार्चअखेर निधी संपवायच्या घाईत नाही.

भिंत निवडताना नैर्ऋत्येची, थेट पावसाच्या माऱ्याची भिंत टाळा. व्हरांड्यातली किंवा छज्जाखालची घ्या. गिलावा नवा असेल तर किमान २८ दिवस जाऊ द्या, नाहीतर खार फुटतो आणि गेरूवर पांढरे ढग उमटतात. ते ढग पांढऱ्या रेघांत मिसळले की चित्र वाचताच येत नाही. तांदळाच्या पिठाचा रंग उघड्या भिंतीवर पहिल्या वळवातच धुऊन जातो, ओल धरली तर बुरशी चढते. साधा गेरू पाण्यात कालवून लावला तर टेकणाऱ्याच्या शर्टाला लागतो. म्हणून बाहेरच्या भिंतीला अ‍ॅक्रिलिक प्रायमर आणि लोह-ऑक्साइडच्या तांबड्या छटेचं बाहेरचं इमल्शन वापरा. ऑइल पेंट नको. तो चकाकतो आणि ओलसर भिंतीवर त्याचे पोपडे सुटतात. ३० फूट बाय १० फूट भिंतीला रंगाच्या दोन हातांसाठी सहा लिटर इमल्शन, तीन लिटर प्रायमर, रेघांसाठी लिटरभर पांढरा पुरतो. पांढरा निव्वळ पांढरा नको, तो निळसर दिसतो. लिटरमागे चहाचा चमचाभर पिवळ्या मातीचा रंग घातला की पिठाच्या पांढऱ्याजवळ जातो. शेवटचा शब्द कलाकाराचा. हातभर नमुना करून, वाळवून, उन्हात पाहून मगच पुढे जा. दोन कलाकार आणि दोन मदतनीस असतील तर एवढ्या भिंतीला आठ-दहा दिवस धरा. परांची पक्की बांधा. शिडीवर उभं राहून बारीक रेघ ओढता येत नाही. विद्यार्थ्यांनी मदत करायची असेल तर रोलरने चित्रामागची जमीन, म्हणजे भिंतीचा गेरू रंग, तेवढा लावावा. आकृत्या भरायला त्यांना देऊ नये, कलाकाराने स्वतः बोलावलं तर गोष्ट वेगळी.

कामाची निविदा काढली की बहुतेक वेळा कलाकार बादच होतो. तीन वर्षांची उलाढाल, जीएसटी क्रमांक, अनामत रक्कम, कमीत कमी दर या अटींत गावातला चित्रकार बसत नाही. बसतो तो फ्लेक्सचा ठेकेदार, जो चौरस फुटाचा दर लावून तयार वेक्टर छापून चिकटवतो. हे काम रंगकाम म्हणून न दाखवता कलाकृती म्हणून दाखवा, आणि मानधनाच्या शीर्षाखाली घ्या. पैशाच्या बाबी वेगवेगळ्या लिहा: आराखड्याचं मानधन, कामाचे दिवस, प्रवास, राहणं-जेवण, साहित्य, आणि छपाईच्या हक्काची रक्कम. शेवटची बाब हमखास विसरली जाते. निम्मी रक्कम निघायच्या आधी द्या; गंजाडहून कोल्हापूरला चौघांनी यायचं तर उधारी करून यावं लागतं. जेवणाचं आधी विचारा. खोली अशी द्या की सामान आणि कागद पसरता येतील.

करारावर थोडं. पारंपरिक आकृतीवर कुणा एकाचा कॉपीराइट नाही, म्हणून ती फुकट आहे असं गृहीत धरलं जातं. पण कलाकाराने स्वतःहून काढलेलं प्रत्येक नवं चित्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली त्याचं असतं. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा हक्क मात्र, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो; म्हणून हक्क कलाकाराकडेच राहतील हे करारात आधी लिहा. हक्क हस्तांतर लेखी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही नसेल, तर तो संपतो. म्हणून 'सर्व हक्क विद्यापीठाकडे' ही ओळ खोडा आणि नेमकं लिहा: ही भिंत, या भिंतीचा फोटो माहितीपुस्तिकेत, पाच वर्षं. कॉफीचे मग आणि टी-शर्ट विकायचे असतील तर त्याचा वेगळा करार, वेगळा वाटा. करार मराठीत असावा, मोठ्याने वाचून दाखवलेला असावा, आणि त्याची एक सही केलेली प्रत कलाकाराच्या हातात त्याच दिवशी जावी.

हक्क दिल्यानंतरही कलाकाराचा नावाचा हक्क आणि कृतीची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे त्याच्याकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने उतरवून खराब केलं, त्यावर २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले भाग त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, समिती येणार म्हणून चित्रावर रातोरात चुना फिरवणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. दुरुस्ती लागली तर आधी कलाकाराला कळवायचं, त्याला जमलं नाही तर तो सांगेल त्याच्याकडून करून घ्यायची, हे करारातच घाला.

चित्राशेजारी पाटी लावा, चित्रावर नको. ३० बाय २० सेंटिमीटर, जमिनीपासून दीड मीटरवर. कलाकाराचं नाव, गाव, तालुका, वर्ष, आणि चित्रात काय आहे ते त्याच्याच शब्दांत दोन ओळी. माहितीपुस्तिकेत त्या भिंतीचा फोटो छापला तर त्याखालीही नाव. फोटो कापून नुसती दोन माणसं कोपऱ्यात बसवायची नाहीत.

परवानगी कुणाची, हा प्रश्न आम्हाला विचारला जातो. कलाकाराची सही त्याच्या चित्रापुरती. लग्नचौक, देवता, विधीतली वस्तू यांचा प्रश्न आला तर एका माणसाचा होकार पुरेसा मानू नका. त्याच्या गावात विचारा, आणि नाही म्हणाले तर विषय तिथे थांबवा. आपल्या संस्थेतल्या आदिवासी विद्यार्थ्यांना बैठकीला जरूर बोलवा, पण एका वीस वर्षांच्या गोंड मुलीला वारली चित्राबद्दल साऱ्या आदिवासींच्या वतीने उत्तर द्यायला लावू नका.

बाहेरच्या विद्यापीठांनी हे भोगलेलं आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा विद्यापीठाने आपल्या संघांचं 'फायटिंग सू' (सू हे तिथले मूळ रहिवासी) हे नाव आणि चिन्ह २०१२ मध्ये सोडलं, २०१५ मध्ये नवं नाव घेतलं; पण त्यांच्या क्रीडागृहात ते चिन्ह फरशीपासून खुर्च्यांपर्यंत हजारो ठिकाणी घातलेलं होतं, आणि ते काढणं सोपं राहिलं नाही. ग्रॅनाइटमध्ये कोरून घेण्याची हौस असणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. उलट न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठाचं 'वाइपापा ताउमाता राउ' हे माओरी नाव २०२१ मध्ये तिथल्या नाती फातुआ ओराके समाजाने भेट म्हणून दिलेलं आहे. देणारे कोण ते विद्यापीठ उघड सांगतं.

आता येत्या सत्रापुरतं. आपल्या इमारतींमधून एक माणूस कॅमेरा घेऊन फिरवा आणि अशा प्रत्येक आकृतीचा फोटो, ठिकाण, कुणी काढली, कशावरून काढली अशी यादी करा. मध्यम आवाराला दोन दिवस पुरतात. स्वच्छतागृहाच्या पाट्या, पायपुसणी, लाद्यांवरचे स्टिकर लगेच काढा, त्यासाठी समिती लागत नाही. ज्या भिंतींचा कलाकार माहीत आहे तिथे नावाची पाटी लावा. छापून ठेवलेल्या फायली संपू द्या, पुन्हा छापताना कडं वगळा. माहितीपुस्तिकेचं प्रूफ अंतिम करण्याआधी आमच्यापैकी कुणाकडेही पाठवा; चित्र कुठल्या समाजाचं आहे, फोटोखालचं नाव बरोबर आहे का आणि छपाईत रेघ टिकेल का, एवढं आम्ही पैसे न घेता पाहून देऊ. प्रूफ पूर्ण आकारात, कागदावर छापलेलं पाठवा. मोबाइलच्या पडद्यावर कंबर तुटलेली दिसत नाही.

आपले,
बोधचिन्ह, छपाई, फलक आणि भिंतरंगाचं काम करणारे आम्ही काही जण
कोल्हापूर